वजनकाट्यावरचे जेवण

मधुमेह, वजन आणि आम्लपित्त यांविषयीचे प्रश्न या सदराकडे नेहमीच येतात. या महिन्यात मात्र पाच पत्रे अशा विकारांविषयी आली की ज्यांची नावे बहुतेक वाचकांनी ऐकलेलीही नसतील. त्यांपैकी चार पत्रे फिनिलकीटोन्युरिया, म्हणजे संक्षेपाने ‘पीकेयू’, या जन्मजात विकाराबद्दल आहेत आणि एक पत्र फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आणि मधात असणारी साखर, न सोसण्याच्या आनुवंशिक विकाराबद्दल आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरांत दिलेले आकडे स्वयंपाकघरातील अंदाजासाठी आहेत. प्रत्येक रुग्णाचे नेमके प्रमाण त्याच्या रक्ततपासणीवरून त्याचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतात.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. आठव्या महिन्यात तिला पीकेयू असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी विशेष पावडर सुरू केली असून बाकीच्या अन्नातून दिवसाला ३०० मिलिग्रॅम फिनिलअ‍ॅलनिन द्यावे असे सांगितले आहे. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात परदेशी पदार्थच जास्त आहेत. आमच्या घरी भाकरी, वरण-भात आणि भाजी असते. यातले काय द्यावे? साबुदाणा चालतो असे एकीने सांगितले, ते खरे आहे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : साबुदाण्याबद्दल तुम्हाला सांगितले ते खरे आहे, परंतु त्याआधी ३०० या आकड्याचा अर्थ नीट समजून घेऊ. आपण खातो त्या प्रत्येक प्रथिनात फिनिलअ‍ॅलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीराला वाढीसाठी जेवढे लागते तेवढे वापरून उरलेले फिनिलअ‍ॅलनिन यकृतातील एक विकर (एन्झाइम) टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात बदलते. पीकेयूमध्ये हे विकर जन्मतः नसते किंवा अगदी दुबळे असते, त्यामुळे न बदललेले फिनिलअ‍ॅलनिन रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. मात्र हेच अमिनो आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. ते अजिबात मिळाले नाही तर मुलीची वाढ खुंटेल, त्वचेवर चट्टे उठतील आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागेल. स्नायू मोडले की त्यांतले फिनिलअ‍ॅलनिन रक्तात येऊन पातळी उलट चढते. म्हणून तीनशेच्या वर जाऊ नये हे जितके महत्त्वाचे, तितकेच भीतीपोटी रोज दीडशेवर थांबू नये हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे ‘पथ्य’ म्हटले की वर्ज्य पदार्थांची यादी डोळ्यांसमोर येते. तुमच्या मुलीचा आहार हा त्यापेक्षा महिन्याच्या पगारात घर चालवण्यासारखा आहे: रक्कम ठरलेली आहे, ती पूर्ण खर्च करायची आहे आणि उधारी करायची नाही.

हिशेबाचे सोपे सूत्र असे की, १ ग्रॅम प्रथिनात साधारण ५० मिलिग्रॅम फिनिलअ‍ॅलनिन असते. फळे आणि बहुतेक भाज्यांत ते याहून काहीसे कमी भरते. या सूत्राने तुमचे स्वयंपाकघर पाहू. वरण बहुतेक घरांत लहान मुलांचे पहिले अन्न असते, पण तुमच्या मुलीसाठी तेच सर्वांत महाग आहे. २० ग्रॅम तूरडाळीत साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि तुरीच्या प्रथिनात फिनिलअ‍ॅलनिन सरासरीपेक्षा अधिक असल्यामुळे तेवढ्या डाळीतच तीनशेहून जास्त मिलिग्रॅम निघतात. म्हणजे एक वाटी घट्ट वरण खाल्ले की तिचा दिवस संपला. डाळी, कडधान्ये, दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, तीळ आणि काजू-बदाम हे या कारणाने तिच्या ताटाबाहेर राहतात. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या १०० ग्रॅम पिठात दहा-बारा ग्रॅम प्रथिने असतात, तर तांदळात सुमारे सात. म्हणून भाकरीपेक्षा भात तिला परवडतो, आणि २० ग्रॅम कणकेचा एक लहान फुलका ११० ते १२० मिलिग्रॅमला पडतो.

साबुदाण्याचे तसे नाही. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदांपासून होतो, तामिळनाडूतील सेलम भागातून तो येतो, आणि तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिने अर्धा ग्रॅमही नसतात. पोषणाच्या पुस्तकांत साबुदाण्याला याच कारणासाठी नावे ठेवली जातात. तुमच्या मुलीसाठी तोच त्याचा गुण आहे, कारण तिला प्रथिने फिनिलअ‍ॅलनिन काढून टाकलेल्या विशेष पावडरीतून मिळत आहेत आणि अन्नातून प्रामुख्याने उष्मांक हवे आहेत. अडचण एकच: आपली खिचडी. तिच्यात २० ग्रॅम दाण्याचे कूट पडले तर अडीचशेहून अधिक मिलिग्रॅम नकळत पोटात जातात आणि आईला वाटते की आपण साबुदाणाच दिला. खिचडी तूप, जिरे, बटाट्याच्या फोडी, मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर ओले खोबरे घालून करावी. १० ग्रॅम खोबऱ्याला पंधरा-सतरा मिलिग्रॅम धरावेत. कूट नसल्यामुळे साबुदाणा गोळा होतो, तेव्हा तो कमी पाण्यात भिजवावा आणि परतताना तुपात कंजूषपणा करू नये. साबुदाण्याच्या पापड्या, आरारुटाची लापशी, आणि साबुदाण्याचे पीठ निम्मे मिसळून केलेली तांदळाची घावने हेही तिला चालतील.

येथे एक सावधगिरी. साबुदाणा चालतो म्हणून उपासाचे सगळेच चालते असा समज करून घेऊ नका. राजगिऱ्यात गव्हापेक्षाही जास्त प्रथिने असतात. वरईचे तांदूळ साध्या तांदळापेक्षा स्वस्त पडत नाहीत. शेंगदाण्याची आमटी तर वरणाचीच बहीण आहे. उपासाचे नियम ठरवणाऱ्यांनी प्रथिनांचा विचार केलेला नव्हता, आणि तशी अपेक्षाही नाही.

तुमच्या मुलीचा एक दिवस नमुन्यादाखल असा मांडता येईल: ६० ग्रॅम शिजवलेला भात (सुमारे ७५ मिलिग्रॅम), ५० ग्रॅम बटाट्याची भाजी (४५), १०० ग्रॅम दुधी किंवा पडवळ (२० ते २५), ४० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची बिनकुटाची खिचडी (५, बटाटा व खोबरे वेगळे मोजून), अर्धे केळे (२५) आणि एक लहान फुलका (११५). बेरीज तीनशेच्या आत, थोडी जागा राखून होते. तूप, तेल आणि साखर यांना हिशेब नाही. गुळाचा एखादा खडाही मोजायचे कारण नाही. भाज्यांत दुधी, पडवळ, काकडी, तांबडा भोपळा, कोबी, टोमॅटो आणि गाजर यांना झुकते माप द्यावे. मटार, वाल, चवळी आणि पावटा या शेंगा डाळींच्याच घरच्या आहेत. पालेभाज्या द्याव्यात, पण मोजून.

हे सारे मोजण्यासाठी ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा ओट्यावर कायमचा ठेवा. वाटी हे माप नव्हे; तुमच्या घरातल्या चार वाट्यासुद्धा सारख्या नसतात. धान्य शक्यतो कच्चे असताना तोला, कारण भात मोकळा की आसट यावर शिजवल्यानंतरचे वजन बदलते. पावडर मात्र दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. एकदम दिलेली अमिनो आम्ले शरीर नीट वापरत नाही. ताप आला किंवा ती जेवेनाशी झाली तर रक्तातील पातळी चढते. अशा वेळी साखरपाणी, आरारूट, भाताची पेज अशा मार्गाने उष्मांक पोटात जातील हे पाहा आणि दवाखान्याला कळवा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातवाला पीकेयू हा आजार आहे. सून प्रत्येक घास काट्यावर तोलते. मी एकदा देवळातला पेढा दिला तर घरात रडारड झाली. मुलाला काहीसुद्धा झाले नाही, तो छान खेळत होता. थोडेसे दिल्याने काय बिघडते? आणि मोठा झाल्यावर हे पथ्य सुटेल ना?
— एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, तुमचे पत्र वाचून मला तुमचा राग आला नाही, आणि तुमच्या सुनेचाही नाही. पेढा खाल्ल्यावर नातवाला उलटी झाली असती किंवा अंगावर पित्त उठले असते, तर तुम्ही पुन्हा कधीच दिला नसता. या विकाराची लबाडी हीच आहे की त्या क्षणी काहीच दिसत नाही. रक्तातील पातळी चढते, दिवसेंदिवस चढलेली राहिली की लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, अभ्यास मागे पडतो, आणि घरच्यांना वाटते की मूल हट्टी झाले आहे. एका पेढ्यात मोटामोटी शंभरावर मिलिग्रॅम जातात. सुनेने त्या दिवशीचा हिशेब आधीच पूर्ण केलेला असेल, तर ती रक्कम वरची झाली. एका दिवसाने मूल बिघडत नाही, हे तुम्हाला आणि सूनबाईंनाही मी सांगेन; पण ‘थोडेसे’ हे रोज कोणी ना कोणी देत असते.

हा आजार कसा उमगला ते तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण त्याची सुरुवात एका आईच्या चिकाटीत आहे. नॉर्वेतील एका बाईची दोन्ही मुले मतिमंद होत गेली आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येई. ती वर्षानुवर्षे डॉक्टरांचे उंबरे झिजवत राहिली. अखेर १९३४ साली ओस्लोच्या आस्ब्योर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली, तीत एक रसायन घातल्यावर ती हिरवी झाली, आणि त्या धाग्यावरून या विकाराचा शोध लागला. उपचार त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीला फिनिलअ‍ॅलनिन काढून टाकलेला आहार दिला. जिला उभेही राहता येत नव्हते आणि जी सतत रडत असे, ती काही महिन्यांत रांगू लागली, उभी राहू लागली. हा गुण आहाराचाच आहे की काय, याची खात्री करण्यासाठी आईला न सांगता तेच अमिनो आम्ल पुन्हा तिच्या आहारात मिसळले गेले, तेव्हा मिळवलेले सगळे काही दिवसांतच ओसरू लागले. आजच्या काळात असा प्रयोग कोणी करू देणार नाही. परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने देऊन ठेवले आहे.

पथ्य सुटण्याबद्दल बोलायचे तर, पूर्वी काही देशांत पाच-सहा वर्षांनंतर आहार सैल करण्याची पद्धत होती, कारण तोवर मेंदूची वाढ बरीचशी झालेली असते असे मानले जाई. ज्यांचा आहार असा सुटला त्यांच्यापैकी अनेकांची बुद्धी, एकाग्रता आणि मनःस्थिती पुढे ढासळलेली दिसली. म्हणून आता तो आयुष्यभर पाळावा असेच सांगितले जाते. रक्तातील पातळी लहानपणी लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोल (रक्ततपासणीच्या अहवालातले एकक) राखतात. युरोपातील मार्गदर्शनानुसार बारा वर्षांनंतर ती ६०० पर्यंत चालते. अमेरिकेतील तज्ज्ञ मोठेपणीही ३६० चीच मर्यादा धरतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते, कारण कोकणातल्या आजीच्या हातात पुष्कळ आहे. प्रसाद म्हणून खडीसाखर किंवा बत्तासा द्या; त्यांचा हिशेब शून्य. उकडीचा एक मध्यम मोदक, म्हणजे १५ ग्रॅम तांदळाची पिठी आणि तेवढेच ओले खोबरे, साधारण ७५ मिलिग्रॅमला पडतो. सकाळीच सुनेला सांगितलेत तर ती त्या दिवशीचा फुलका कमी करून नातवाला मोदक खाऊ देईल. हापूसचा रस दूध न घालता वाटीभर घेतला तरी तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. आंबापोळी, कोकम सरबत, फणसाचे गरे हे सगळे तोलून त्याला मिळू शकते. काजूगर मात्र दाराबाहेर ठेवा. आणि एक विनंती: पंचामृताचा चमचासुद्धा सुनेला सांगून द्या. तिला माहीत असलेला घास ती हिशेबात बसवू शकते.

प्रश्न : मी २६ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. लहानपणापासून पीकेयू आहे, पण कॉलेजात असताना आहार जवळजवळ सोडला. आता लग्न झाले आहे. मूल होऊ देण्यात काही धोका आहे का? पती निरोगी आहेत. शिवाय वजन वाढू नये म्हणून मी शुगर-फ्री गोळ्या आणि डाएट कोला घेते, ते चालते ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते आजच अमलात आणता येईल. अस्पार्टेम हा गोड पदार्थ ज्या दोन अमिनो आम्लांपासून बनतो त्यांतले एक फिनिलअ‍ॅलनिनच आहे, आणि अस्पार्टेमच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. केवळ अस्पार्टेमने गोड केलेल्या कोलाच्या एका कॅनमधून सुमारे शंभर मिलिग्रॅम तुमच्या पोटात जाऊ शकतात. वेष्टनावर आयएनएस ९५१ किंवा ९६२ हे क्रमांक शोधा. आपल्या देशात अस्पार्टेम असलेल्या पदार्थावर तो पीकेयूच्या रुग्णांसाठी नाही अशी सूचना छापणे बंधनकारक आहे, मात्र ती फार बारीक अक्षरांत असते. चघळण्याच्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, साखरविरहित सिरप आणि च्युइंगम यांतही अस्पार्टेम असू शकते, तेव्हा औषध घेताना दुकानदाराला विचारून घ्या. तुमच्यासाठी साधी साखर अस्पार्टेमपेक्षा निर्धोक आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. वजनाचीच चिंता असेल तर सुक्रालोजसारखे पर्याय आहेत.

मुलाबद्दल. पती या जनुकदोषाचे वाहक, म्हणजे स्वतः निरोगी असूनही एक सदोष जनुक असलेले, नसतील, तर बाळाला पीकेयू होणार नाही. ते तुमच्याकडून एक सदोष जनुक घेऊन येईल, एवढेच. धोका वेगळ्याच बाजूने आहे, आणि तो मोठा आहे. तुमच्या रक्तातील फिनिलअ‍ॅलनिन वारेतून गर्भाकडे जाते आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण तुमच्याहूनही अधिक होते. आईची पातळी चढलेली असेल तर पूर्णपणे निरोगी जनुकांच्या बाळाचेही डोके लहान राहणे, हृदयात दोष असणे आणि बौद्धिक वाढ खुंटणे असे परिणाम होतात. पातळी १२०० मायक्रोमोलच्या वर असलेल्या, उपचार न घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी बहुतेकांना यांपैकी काही ना काही भोगावे लागल्याचे १९८० पासून नोंदले गेले आहे. हृदयाची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, तेव्हा दिवस गेल्याचे कळल्यावर आहार सुरू करणे हे उशिराचे ठरते. गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून पातळी १२० ते ३६० च्या दरम्यान स्थिर असली पाहिजे आणि पुढे प्रसूतीपर्यंत वारंवार तपासली पाहिजे. तोपर्यंत गर्भनिरोधन वापरा.

आहाराकडे परतणे कठीण जाते, हे मी अनेक तरुण रुग्णांत पाहिले आहे. पावडरीची चव मोठेपणी नकोशी वाटते, ऑफिसच्या डब्यात इतरांच्या नजरा येतात. काही रुग्णांना सॅप्रोप्टेरिन या औषधाने विकराचे काम थोडे सुधारते आणि जास्त प्रथिने सोसतात. अमेरिकेत ते २००७ पासून वापरात आहे. प्रत्येकाला ते लागू पडत नाही, तेव्हा चाचणी घेऊनच ठरवावे लागते. आपल्या चयापचय-तज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. पातळी आटोक्यात ठेवून सुदृढ बाळांना जन्म देणाऱ्या पीकेयू असलेल्या माता जगभर आहेत, आणि पुरेसे आधी विचारल्यामुळे तुम्हालाही तो मार्ग मोकळा आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. उष्टावणाच्या खिरीनंतर त्याला उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडले. पुढे तपासण्यांत फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार निघाला. एका नातेवाइकांनी पीकेयूचा तक्ता दिला आणि ‘चयापचयाचा आजार म्हणजे प्रथिने बंद’ असे सांगितले. आम्ही मासे आणि दूध थांबवले आहे. योग्य केले का?
— एक वडील, फोंडा, गोवा

उत्तर : कृपया तो तक्ता बाजूला ठेवा आणि मासे व दूध पुन्हा सुरू करा. चयापचयाचे जन्मजात विकार शेकडो आहेत आणि एकाचे अन्न दुसऱ्याचे विष ठरू शकते. याचे याहून ठळक उदाहरण मला सापडले नसते. पीकेयूच्या मुलाला आम्ही साखर व मध मोकळेपणाने आणि फळे मोजून देतो. तुमच्या मुलासाठी नेमक्या त्याच तीन गोष्टी घातक आहेत.

त्याच्या यकृतात अल्डोलेज-बी नावाचे विकर काम करत नाही. फ्रुक्टोज शरीरात आले की ते अर्ध्या वाटेवर अडकते, पेशींतील फॉस्फेट अडवून बसते, आणि यकृताला रक्तात ग्लुकोज सोडता येत नाही. खिरीनंतर मुलाचे अंग गार पडले ते रक्तातील साखर उतरल्यामुळे. साखर खाऊन साखर उतरते, असा हा उफराटा प्रकार आहे. आईच्या दुधात लॅक्टोज ही साखर असते, त्यात फ्रुक्टोज नाही, म्हणून उष्टावणापर्यंत सारे सुरळीत होते. आपल्याकडे नवजात बाळाला मधाचे बोट चाटवतात. मध तान्ह्या बाळाला एरवीही देऊ नये, आणि या विकारात तर तो जीवघेणा ठरू शकतो.

त्याला वर्ज्य काय, तर साखर, गूळ, काकवी, मध, सर्व फळे व त्यांचे रस, रताळे, गाजर, बीट, आणि शरीरात फ्रुक्टोजमध्ये बदलणारे सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा; आमटीत गुळाचा खडा आणि भाजीत साखरेची चिमूट टाकायची सवय असलेल्या घरांत हेच विसरले जाते. कांदा, टोमॅटो, चिंच आणि नारळाचा रस यांतही थोडी साखर असते. म्हणून हुमणापेक्षा, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशांच्या आमटीपेक्षा, तांदळाची पिठी लावून तळलेला मासा त्याला बरा. भात, तांदळाची पेज, दूध, बिनसाखरेचे दही, अंडे, मासे, चिकन, तूप हे त्याचे मुख्य अन्न. डाळी, गहू आणि भाज्या किती द्यायच्या हे तुमच्या आहारतज्ज्ञांनी यादी पाहून ठरवावे. गोडवा हवाच असेल तर ग्लुकोज म्हणजेच डेक्स्ट्रोज पावडर चालते, मात्र डब्यावर तिच्यात सुक्रोज, म्हणजे साधी साखर, मिसळलेले नाही ना, हे वाचा. फळे बंद असल्याने क जीवनसत्त्व औषधातून द्यावे लागेल, आणि ती गोळी साखर किंवा सॉर्बिटॉल नसलेली हवी.

अन्नापेक्षा औषधांतच जास्त फसगत होते. तापाची आणि खोकल्याची बहुतेक पातळ औषधे साखरेने किंवा सॉर्बिटॉलने गोड केलेली असतात. डॉक्टरांकडून कुटून देता येईल अशी गोळी लिहून घ्या. रोटाव्हायरसच्या काही तोंडी लशींत साखर असते, तेव्हा लसीकरणापूर्वी सांगा. जुलाब झाल्यास घरचे मीठ-साखरेचे पाणी अजिबात देऊ नका. ग्लुकोज असलेले प्रमाणित ओआरएस द्या, तेही घटक वाचून. आणि एक कार्ड कायम जवळ बाळगा, ज्यावर लिहिलेले असेल की या मुलाला शिरेतून फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असलेले द्रव देऊ नये. ही चूक जिवावर बेतते.

पीकेयूच्या पुणेकर वाचकांना मी अस्पार्टेम सोडायला सांगितले. तुमच्या मुलासाठी तेच अस्पार्टेम धोक्याचे नाही, मात्र ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या बऱ्याच पदार्थांत सॉर्बिटॉल असते. ‘शुगर-फ्री’ या शब्दांवर दोघांनीही विश्वास ठेवू नये. जाता जाता एक गमतीचा भाग: या विकाराची मुले मोठी होताना गोडाचा आपणहून तिटकारा करतात, आणि दंतवैद्यांना त्यांच्या दातांत कीड क्वचितच सापडते.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलाला पीकेयू आहे. गेल्या महिन्यात विशेष पावडर संपली. औषधाच्या दुकानात मिळाली नाही, तेव्हा दुकानदाराने ‘प्रोटीनच आहे’ म्हणून साधी प्रोटीन पावडर दिली. चार दिवस दिल्यावर डॉक्टरांनी ओरडून बंद केली. ती महागडी पावडर मिळवण्यासाठी काही मदत असते का? पत्नी पुन्हा गरोदर आहे. येणाऱ्या बाळाचे काय?
— एक वडील, नांदेड

उत्तर : डॉक्टर ओरडले ते योग्यच झाले. बाजारातील साधी प्रोटीन पावडर दूध किंवा सोयाबीनपासून बनते. तिच्या एका मोठ्या मापातून सातशे किंवा त्याहून अधिक मिलिग्रॅम फिनिलअ‍ॅलनिन जाते, म्हणजे अशा मुलाचा साधारण दोन दिवसांचा वाटा. विशेष पावडरीतून फिनिलअ‍ॅलनिन काढून टाकलेले असते आणि टायरोसिन, जीवनसत्त्वे व लोह घातलेले असते. तिला दुसरा पर्याय नाही. निदान एक महिन्याचा साठा पुढे ठेवा. खंड पडलाच तर डाळ-दूध वाढवू नका. ठरलेले फिनिलअ‍ॅलनिन चालू ठेवून भात, साबुदाणा, तूप, साखर यांवर उष्मांक भरून काढा आणि त्याच दिवशी दवाखान्याला फोन करा.

मदतीसाठी केंद्र सरकारचे दुर्मीळ आजारांविषयीचे २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. त्यातील दुसऱ्या गटात विशेष आहारावर चालणारे विकार येतात आणि पीकेयू त्यात नावानिशी आहे. नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत नोंदणी केल्यास ५० लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे असे एक केंद्र आहे. निदानाचे सर्व कागद घेऊन जा.

तुम्ही दोघेही वाहक आहात, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणी बाळाला पीकेयू होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या मुलाला झाला म्हणून ती कमी होत नाही. मुलाच्या जनुकाची तपासणी झालेली असेल तर गर्भाची तपासणी शक्य आहे, आणि तिच्यासाठी वेळ ठरलेली असते, म्हणून या आठवड्यातच जनुक-सल्लागारांना भेटा. ती करायची नसेल तर प्रसूती होणाऱ्या रुग्णालयाला आताच लेखी कळवून ठेवा. गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बालकांची अशी तपासणी सुरू झाली; आपल्याकडे ती प्रत्येक ठिकाणी आपोआप होईल असे गृहीत धरू नका, मागून घ्या. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब पुरतात. अहवाल येईपर्यंत स्तनपान सुरू ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. अहवालात पीकेयू निघाला तरी स्तनपान पूर्ण तोडावे लागत नाही: १०० मिलिलिटर आईच्या दुधात चाळीस-पन्नास मिलिग्रॅमच फिनिलअ‍ॅलनिन असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ एक-तृतीयांश, आणि विशेष पावडरीच्या जोडीने ते मोजून देता येते.